गोजरबाईचा अंगठा

रेवती कुणाशीही खोटं बोलली नव्हती. पालक-शिक्षक संघाची सहसचिव म्हणून ती घरोघर गेली, शाळेचा छापील कागद वाचून दाखवला, सही घेतली आणि पुढचं घर गाठलं, एवढंच. फक्त त्या कागदात एक ओळ अशी होती, की ती आली की रेवतीचा आवाज आपोआप खाली जायचा. मान वळवून ती आजूबाजूला पोरंबाळं नाहीत ना ते बघायची, आणि ओळ वाचून झाल्यावर समोरच्या बाईकडे क्षणभर नुसती पाहत राहायची. तेवढ्यावर काम भागायचं. समोरची बाई पदर तोंडाशी नेऊन म्हणायची, नको बाई, असलं काही नको आमच्या पोरीला. मग रेवती कागदावरचा 'आहे' खोडायची आणि 'नाही' तसाच ठेवायची.

कागद असा होता. नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी विज्ञानाच्या सुलभा मॅडम चार शनिवार चार तास घेणार होत्या. वयात येताना शरीराचं काय होतं, नको असेल तर नाही कसं म्हणायचं, सुरक्षित संबंध म्हणजे काय, आणि संबंधांतून कोणते आजार लागतात व ते कसे टाळायचे. शेवटी छापलं होतं, 'या तासांना माझ्या पाल्याने बसण्यास माझी संमती आहे / नाही. जे लागू नसेल ते खोडावे.' ही आयडिया मुख्याध्यापक रमाकांत सरांची. सर भिडस्त माणूस. गावातून कुणी दोन शब्द बोललं तर त्यांना तीन दिवस जेवण जायचं नाही. त्यांनी मधला रस्ता काढला, की ज्यांचे पालक हो म्हणतील ती मुलं वर्गात बसतील आणि बाकीची त्या तासाला मैदानावर जातील.

ज्या बैठकीत हे ठरलं तिथं सुलभा मॅडम म्हणाल्या होत्या, "कपाशीच्या फुलाचं परागीभवन शिकवते तेव्हा कुणाच्या बापाची सही मागत नाही सर तुम्ही." त्यावर सगळ्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. रमाकांत सरांनी चष्मा काढून पुसला. रेवतीनं त्या दिवशी विरोध केला नव्हता. बी.एस्सी. झालेल्या बाईनं विरोध केला तर कसं दिसेल? ती एवढंच म्हणाली, की पालकांना ठरवू द्या. हे सगळ्यांना पटलं. मुलांबरोबर पाठवलेले निम्मे कागद परत आले नाहीत तेव्हा समितीतल्या बायकांनी घरं वाटून घेतली, आणि देऊळगाव राजाच्या पाण्याच्या टाकीमागची वस्ती रेवतीच्या वाट्याला आली.

तिची स्वतःची हिमानी त्याच शाळेत पाचवीत होती. म्हणजे तिला या कागदाशी तसं अजून काही घेणं नव्हतं. पण चार वर्षं म्हणता म्हणता जातात. रेवती मुलीवर घारीसारखी नजर ठेवून असायची. शाळेच्या गाडीत ती कोणत्या सीटवर बसते, शेजारच्या घरात खेळायला गेली तर दार उघडं आहे का, टीव्हीवर कोणती जाहिरात लागली की रिमोट कुणाच्या हातात हवा. सौमित्र, तिचा नवरा, तहसील कचेरीत कारकून होता. तो म्हणायचा, तू आई कमी अन् चौकीदार जास्त आहेस. रेवतीला ते चूक वाटत नसे. चौकीदाराला झोप येत नाही, त्याला कारण असतं.

गोजरबाईचं घर शेवटचं होतं. दिवेलागण झाली होती. गोजरबाई नुकतीच मिरचीच्या बियाण्याच्या शेडनेटातून, दिवसभराच्या मजुरीवरून परतून अंगणात पाय धूत बसली होती. माहेर तिकडे सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपूरकडचं. चाळीस वर्षं या बाजूला नांदून तिचं 'मले-तुले' काही सुटलं नव्हतं. नात अश्विनी नववीत, ती पिठाच्या गिरणीवर गेली होती. रेवतीनं कागद काढला, नेहमीसारखा वाचला, त्या ओळीशी नेहमीसारखा आवाज खाली आणला आणि थांबली.

"मंग बरं हाये की," गोजरबाई म्हणाली. "लिवा हो म्हनून."

रेवतीला वाटलं, म्हातारीला नीट कळलं नाही. तिनं पुन्हा फोडून सांगितलं, की आजी, यात ते नवरा-बायकोचं असतं ना, ते सांगणार आहेत, पोरापोरींना एकाच वर्गात बसवून.

"समजलं वो बाई मले. दिसभर चिमट्यानं मिरचीच्या फुलातले नर काहाडतो, अन् दुसऱ्या झाडाची भुकटी लावतो. फुलायचं समदं समजते. मानसायचं तेवढं बोलाचं नाई?"

आणि मग पाय पुसता पुसता गोजरबाईनं जे सांगितलं ते रेवतीनं विचारलं नव्हतं. तिची ताना, अश्विनीची आई. एकुलती एक. जावई बोअरच्या गाडीवर कामाला, आज आंध्रात तर उद्या कर्नाटकात. चार-पाच महिन्यांनी घरी यायचा, येताना साडी आणायचा. मग तो वाळत गेला आणि मेला. वर्षभरात ताना त्याच वाटेनं गेली. डॉक्टरांनी गोजरबाईला बाजूला घेऊन सांगितलं, की हे जावयानं बाहेरून आणलं. अश्विनीची तपासणी केली, ती धडधाकट निघाली, तेवढी देवाची कृपा. तेव्हा अश्विनी पाच वर्षांची. तिला सांगून ठेवलं, की तुझी आई काविळीनं गेली. पण आता पोरगी मोठी झाली. लोक बोलतात, ते तिच्या कानावर येतं. महिन्याभरापासून ती आजीच्या मागं लागली होती, खरं काय ते सांग म्हणून.

"माह्या तोंडातून ते निघत नाई," गोजरबाई म्हणाली. "मॅडम सांगतीन. त्याच्यातून तिचं तिले समजन. म्या तिले कबूल केलं हाये, सही देतो म्हनून. लिवा."

रेवतीनं पेन टेकवलं. 'आहे' आणि 'नाही' यांच्यामधल्या तिरप्या रेघेवर ते थांबलं. मग डावीकडे सरकलं आणि त्यानं 'आहे' खोडला. शाईच्या डबीत गोजरबाईनं अंगठा बुडवला आणि रेवतीनं बोट दाखवलं तिथं दाबला. कातडी फाटून भेगा पडलेला अंगठा. ठसा उठला तोही भेगांचाच.

"झालं न बाई?"

"झालं आजी."

गोजरबाईनं तिच्या पिशवीत ओंजळभर तुरीच्या शेंगा टाकल्या. नको नको म्हणून रेवतीनं घेतल्या. घरी येऊन मीठ टाकून उकडल्या. हिमानीनं मिटक्या मारत खाल्ल्या. रेवतीनं एक शेंग सोलली, दाणे तोंडाशी नेले आणि मुलीच्या ताटलीत टाकून दिले.

सौमित्रनं कागदांचा गठ्ठा चाळला आणि हसला. "सगळेच नाही? तू होकार आणायला गेली होतीस, का नकार?" रेवती म्हणाली, लोकांचं मत आहे ते, माझं नाही. स्वतःला तिनं असं समजावलं, की सकाळपासून वीसेक कागदांवर तोच शब्द खोडला, हाताला वळण पडलं, गोजरबाईच्या वेळी तो तसाच गेला. पण हे काही टिकेना. पेन थांबलं होतं. सवयीनं चालणारा हात थांबत नाही.

खरं कारण तिला ठाऊक होतं. ते पंधरा वर्षं जुनं होतं आणि घरात कुणाला, सौमित्रलाही, माहीत नव्हतं. रेवतीचं माहेर बुलढाण्याचं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र घेतलेली मुलगी, झुरळाची पचनसंस्था डोळे मिटून काढणारी. वर्गातल्या एका मुलाशी तिचं जमलं, आणि एका दुपारी त्याच्या मित्राच्या खोलीवर जे व्हायचं ते झालं. नंतरचे दोन दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. कुणाला विचारावं? आईला विचारण्यापेक्षा विहीर बरी. तिसऱ्या दिवशी ती बसनं थेट जालन्याला गेली, कारण तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. एका मेडिकलवर तोंडाला ओढणी बांधून तिनं जाहिरातीत पाहून चिठ्ठीवर लिहिलेलं, गर्भ टाळायच्या गोळीचं नाव पुढं केलं. परतीच्या बसमध्ये तिनं गोळीच्या पाकिटातला घडी केलेला कागद उलगडला. काय केव्हा होऊ शकतं, काय टाळता येतं, कशानं आजार टळतो आणि कशानं टळत नाही, सगळं मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं. बस चिखलीला लागेपर्यंत तिनं तो तीनदा वाचला. हे मला आधी कुणी का नाही सांगितलं, असं वाटून तिला रडू फुटलं होतं. पुढं काही झालं नाही. मुलगा सुटला, डिग्री झाली, लग्न झालं. पण त्या दिवसापासून तो विषय कुठं निघाला, की तिला वाटायचं, आता आपल्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळणार. शाळेत तो विषय उघड्यावर येणार, पोरं घरी येऊन विचारणार, बायका पाण्याच्या नळावर बोलणार, आणि त्या बोलण्याच्या वेळी तिनं तिथं उभं राहायचं. नकोच ते.

म्हणजे जिला एका कागदानं वाचवलं, तिनंच दुसऱ्या कागदावर रेघ मारली होती.

शनिवार सुरू झाले. नववी-दहावीच्या दोन्ही वर्गांतून मिळून अकरा मुलं सुलभा मॅडमच्या तासाला बसली. बाकीची मैदानावर. खेळाच्या सरांकडे चेंडू एक आणि पोरं पन्नास, त्यामुळे बहुतेकजण कडुनिंबाखाली बसून बडबड करायचे आणि वर्गाच्या बंद खिडक्यांकडे बघून फिदीफिदी हसायचे. हिमानीचा राहिलेला डबा द्यायला रेवती गेली, तर अश्विनी नळाजवळच्या कट्ट्यावर एकटीच दिसली. मांडीवर कोरी वही. ती हसत नव्हती. खिडकीकडेही पाहत नव्हती. गेटमधून आलेल्या रेवतीकडे तिनं एकदा पाहिलं आणि मान वळवली.

शाळा सुटल्यावर आईच्या स्कूटरवरून घरी येताना हिमानीनं विचारलं, "आई, त्या ग्राउंडवरच्या ताई-दादांनी काय केलं गं? त्यांना कशाची शिक्षा आहे?"

शिक्षा नाही, असं रेवती म्हणाली. मग काय आहे, असं पोरीनं विचारलं, तेव्हा तिनं गाडीचा हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

दुसऱ्या शनिवारनंतरच्या सोमवारी गोजरबाई शाळेत आली. रेवती तेव्हा ऑफिसात बैठकीचं इतिवृत्त लिहीत बसली होती. तिच्या मोत्यासारख्या अक्षरामुळे ते काम नेहमी तिच्याकडेच यायचं. गोजरबाईनं चपला बाहेर काढल्या, आत आली आणि उभ्यानंच रमाकांत सरांना सुनावलं, की गरिबाच्या पोरीलाच उन्हात काढता का, तिच्या आजीनं तर हो म्हटलं होतं. सर गडबडले. त्यांनी शिपायाकडून फाईल मागवली, कागद शोधला आणि तिच्यासमोर धरला. तिला वाचता येत नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी बोट ठेवून सांगितलं, की आजी, हे बघा, संमती नाही असं आहे, आणि खाली तुमचाच अंगठा आहे.

गोजरबाईनं अंगठा ओळखला. त्या भेगा दुसऱ्या कुणाच्या असणार? मग तिची नजर फिरत फिरत रेवतीवर आली.

"बाई, तुमी व्हत्या न? तुमीच लिवलं. म्या काय म्हनलं व्हतं?"

हीच वेळ होती. रेवतीला ते कळलंही. समोर सर होते, शिपाई होता, दारात दोन पालक होते. तिच्या हातात पेन होतं आणि पेनाचं टोपण काही केल्या बसत नव्हतं.

"आजी, त्या दिवशी मी खूप घरं फिरले," ती म्हणाली. "मला आता आठवत नाही."

गोजरबाईनं पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "मंग मीच चुकली असन. दिसभर त्या फुलायत डोये घालून मानूस येडं होते. काई तं बोल्ली असन मी." आणि सरांना उगाच तरास दिला म्हणून हात जोडून ती चपला घालायला बाहेर गेली. तिनं भांडण केलं असतं तर रेवतीला बरं वाटलं असतं.

व्हरांड्यात सुलभा मॅडमनी तिला गाठलं. मॅडम आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणाल्या, अश्विनी आजीशी बोलत नाही. आजीनं मला शब्द दिला आणि कागदावर उलटं लिहून दिलं, असं तिनं मला सांगितलं. माझी आई कशानं गेली ते आजीला लपवायचंच आहे, असं ती म्हणते. वसतिगृहात जाते म्हणून मागं लागलीय. "मी गोजरबाईला ओळखते," मॅडम म्हणाल्या. "ती असं चुकेल असं मला वाटत नाही. पण कागदापुढं माझं काय चालणार?" आणि रेवतीकडे एकटक पाहून त्या वर्गाकडे निघून गेल्या.

त्यानंतरचे दिवस रेवतीनं ठरवण्यात घालवले. बुधवारी सांगू. मग बुधवारी सौमित्रचे आईवडील आले. तिसरा शनिवार गेला. शुक्रवारी ती शाळेच्या गेटपर्यंत गेली आणि रमाकांत सर तालुक्याच्या बैठकीला गेलेत हे ऐकून तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची तिला दिवसभर किळस आली. पोळ्या करपल्या. हिमानीला विनाकारण एक धपाटा बसला. चौथा शनिवार उजाडला, त्या दिवशी आजारांचा तास होता. सकाळी साडेनऊला रेवती शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होती. घंटा झाली. मुलं मैदानावर आली. अश्विनी नळाजवळ जाऊन बसली. तास पाऊण तासाचा होता आणि रेवती पाऊण तास दुकानातच उभी राहिली. दुकानदारानं दोनदा विचारलं, ताई, कशाची कॉपी काढायची? वर्गाचं दार उघडलं, अकरा मुलं बाहेर पडली, आणि मग तिला कळलं, की आता सरांना सांगून कागद बदलला तरी तो कागदच बदलणार. तास संपले होते.

संध्याकाळी ती पाण्याच्या टाकीमागं गेली. हिमानीला तिनं शेजारी ठेवलं.

गोजरबाई अंगणात सुपात ज्वारी निवडत होती. अश्विनी दाराच्या आत चुलीपुढं भाकरी थापत होती. खुंटाला शेळी बांधली होती. रेवती अंगणात पाय ठेवते न ठेवते, तोच आतून आवाज आला, "शेळे, तिले सांग, भाकर झाली म्हनून." आणि गोजरबाई सुपातून वर न बघता म्हणाली, "तिले सांग वो माय, मले भूक नाई." तीन आठवडे या घरात आजी-नातीचं सगळं बोलणं असं शेळीच्या मार्फत चाललं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी हे पाहून रेवतीला हसू आलं असतं.

गोजरबाईनं पोतं अंथरलं, पाणी दिलं. रेवतीनं तांब्या खाली ठेवला. येताना तिनं वाक्यं जुळवली होती, गैरसमज, घाई, हाताची सवय. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"आजी, तुम्ही हो म्हणाला होता," ती म्हणाली. "मी खोडलं. मुद्दाम खोडलं. आणि ऑफिसात तुम्ही विचारलंत तेव्हा मला सगळं आठवत होतं."

आतला भाकरी थापण्याचा आवाज बंद पडला. गोजरबाईचा हात ज्वारीत तसाच राहिला. अश्विनी दारात आली, दोन्ही हात पिठानं भरलेले. तिनं आधी आजीकडे पाहिलं, मग रेवतीकडे.

"काऊन?" ती म्हणाली. "तुमचं काय गेलं असतं?"

"माझं काही गेलं नसतं."

"मंग काऊन?"

रेवतीनं मान खाली घातली. मग वर केली, कारण खाली घालून हे सांगण्यासारखं नव्हतं. "मला हे सगळं माहीत होतं. लग्नाआधी, चोरून, भीतीपोटी कळलं होतं. मला वाटायचं, हा विषय निघाला की माझं ते बाहेर येईल. त्याच्यासाठी मी तुझा तास बुडवला."

गोजरबाईनं सूप बाजूला ठेवलं. इतके दिवस ती रेवतीला 'तुमी' म्हणत होती. "म्या तुले माह्या तानाचं सांगतलं," ती म्हणाली, सावकाश. "कोनाले सांगत नाई ते सांगतलं. ते आयकून बी तुह्या हातानं रेघ वढली. अन् मी दोन हप्ते इचार करून राह्यली, का माहं डोस्कं फिरलं म्हनून. पोरगी म्हने, तू लबाड हायेस. मले वाटे, असन बा. कागद काय खोटं बोलते?"

रेवती म्हणाली, की सोमवारी सरांपुढं, समितीपुढं सगळं सांगते. सहसचिवपद सोडते. गोजरबाईनं हवेत हात झटकला. ते तुझं तू बघ, मला त्याचं काय करायचंय, असं तिच्या त्या हातानं सांगितलं. चुलीवरची भाकरी जळाल्याचा वास आला, पण उठलं कुणी नाही.

अश्विनी उंबऱ्यावर बसली. आजीकडे न बघता तिनं रेवतीला विचारलं, "माही आई कायनं मेली?"

रेवतीनं गोजरबाईकडे पाहिलं.

"सांग," गोजरबाई म्हणाली. "माह्या वाटचं त्या दिवशी बी तूच लिवलं न. आता बी तूच सांग. पन आता खोडू नोको."

तेव्हा रेवतीनं सांगितलं. एचआयव्ही हा शब्द तिनं उच्चारला. तो कशानं येतो आणि कशानं येत नाही ते सांगितलं. एका ताटात जेवल्यानं नाही, कुशीत झोपल्यानं नाही, आईनं तुझी वेणी घातली त्यानं नाही. संबंधांतून येतो, रक्तातून येतो, कधी आईकडून बाळाला येतो, तुला आला नाही. निरोध म्हणजे काय, तो कुणी वापरायचा आणि तो वापरा असं बायकोनं नवऱ्याला म्हणणं यात वाईट काही नाही, हे सांगितलं. लग्नाच्या बारा वर्षांत सौमित्रसमोरही न उच्चारलेले शब्द तिच्या तोंडून अंगणात पडत होते. पहिल्यांदा जीभ अडखळली, नंतर अडखळली नाही. अश्विनी ऐकत होती ती वर्गात बसल्यासारखी, कपाळाला आठी घालून, मध्येच थांबवून. लग्नाआधी तपासणी करता येते का? मुलीनं मागितली तर मुलाकडचे चिडतात का? चिडले तर काय करायचं? रेवतीनं जमतील तशी उत्तरं दिली.

मग अश्विनी म्हणाली, "बाबानं ते वापरलं असतं तं आईले झालं नसतं."

"बहुतेक नसतं झालं."

"अन् झाल्यावर? औषध नवतं?"

रेवतीला कळलं, की हा प्रश्न कुठं चालला आहे. गोजरबाई समोर होती. एक शब्द मऊ केला असता तर चाललं असतं. तेव्हा एवढं कळत नव्हतं, उशीर झाला होता, नशीब. म्हातारीला सोपं गेलं असतं.

"होतं," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळत होत्या, फुकट. लवकर सुरू केल्या असत्या तर तुझी आई आज असती."

गोजरबाई भिंतीला टेकली. "डाक्तरनं सांगतलं व्हतं," ती म्हणाली, आणि ते कुणाला म्हणाली ते कळलं नाही. "जावई मेला तवाच सांगतलं व्हतं, हिले घेऊन या, गोया देतो. मी नेलीच नाई. लोक इचारतीन, कायच्या गोया. म्या तिच्या गयात वैदूची, दोऱ्यात ओवलेली काविळीची माय घातली. सात महिने. नवी माय, मंग आनखी नवी. माय लांबली का लोकायले दाखवू, पाहा, कावीळ उतरून राह्यली."

अश्विनी उठली. पीठ वाळून तिच्या हातांवर पांढरे पापुद्रे धरले होते. ती आजीपुढं जाऊन उभी राहिली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"तू काऊन नाई नेलं तिले?"

"लाज वाटली वो माय," गोजरबाई म्हणाली.

अश्विनी तशीच उभी राहिली. तिनं आजीच्या खांद्यावर हात ठेवला नाही आणि ती मागंही फिरली नाही. मग तिथंच, आजीच्या पोत्याच्या दुसऱ्या टोकाला, ती खाली बसली. रेवती उठायला लागली. आपण इथं असू नये असं तिला वाटलं. कबूल केलं की हलकं वाटेल, असं येताना तिच्या मनात होतं, आणि आता छातीवर काविळीच्या त्या माळांचंही ओझं आलं होतं. गोजरबाईनं तिला जा म्हटलं नाही. बसही म्हटलं नाही.

"पुढचं सांगा," अश्विनी म्हणाली. "मॅडमचे चार तास व्हते. तुमी एकच सांगतला."

रेवती परत खाली बसली.